सेकंदाला तेरा धक्के

नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. गाडी धाकट्या भावाची, २०१७ची छोटी हॅचबॅक, दिवाळीच्या सुमारास ओळखीतल्या एका माणसाकडून घेतलेली. साठपर्यंत शांत, सत्तरलाही शांत. ऐंशी ओलांडलं आणि स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू झाली. नव्वदला तर भावाच्या मनगटावरचं कडं घड्याळावर आपटून वाजायला लागलं. एकशे पाचच्या पुढे थरथर पुन्हा कमी झाली.

"पाहून राहिला ना दादा? तीनदा अलाइनमेंट केली. तिन्ही वेळा म्हणाले, आता ओके आहे."

जुनी गाडी घेणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. ट्रायल घेतली जाते शहरात. लक्ष्मीनगर ते धंतोली चक्कर मारली तर साठच्या पुढे काटा जातोच कुठे? हा दोष तर ऐंशीच्या अलीकडे तोंडच दाखवत नाही. मग पहिल्यांदा हायवेला लागलो की तो समोर येतो आणि तिथून पैसे जायला सुरुवात होते: अलाइनमेंट, मग बुश (सांध्यांतली रबरं), मग शॉकॲब्जॉर्बर, मग कुणीतरी सांगतं म्हणून अख्खा स्टिअरिंग बॉक्स. माझं म्हणणं एवढंच आहे की या थरथरीला एक आकडा असतो. तो मोजता येतो, आणि पाना हातात घेण्याआधी तो मोजायला हवा.

आकडा काढायला टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचता आलं की झालं. भावाच्या टायरवर १६५/८० आर १४ लिहिलेलं आहे. रुंदी १६५ मिलिमीटर, रिमपासूनची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची. यावरून चाकाचा घेर निघतो, आणि वजनाखाली टायर थोडा दबतो ते धरलं तर एका फेऱ्यात गाडी साधारण १.९ मीटर पुढे सरकते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजेच चाक सेकंदाला सुमारे तेरा फेरे मारतं. त्या चाकात एकाच जागी काही खोट असेल, तर हाताला सेकंदाला तेरा धक्के बसणार. इंजिन त्याच वेळी मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फिरत असतं, म्हणजे सेकंदाला चाळीसहून जास्त फेरे. दोघांचा ताल इतका वेगळा आहे की घोटाळा व्हायचं कारण नाही.

मोजायला यंत्र विकत घ्यावं लागत नाही. आपल्या फोनमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर असतोच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप तो सेन्सर वाचतं आणि कंपनांमध्ये कोणता ताल किती जोरात आहे याचा आलेख काढून देतं. मी शेजारच्या सीटवर बसून फोन डॅशबोर्डवर घट्ट दाबून धरला. (चालवणाऱ्याने हे करायचं नाही, दुसरा माणूस हवाच.) आलेखात दोन उंचवटे आले. मोठा तेराच्या जरा मागे, लहान साडेपाचच्या आसपास. वेग १०० केला तेव्हा मोठा उंचवटा सरकून साडेचौदाकडे गेला. मग भावाला वेग तोच ठेवून पाचवा गिअर काढून चौथा टाकायला लावला. इंजिनाचे फेरे वाढले, पण उंचवटा जागचा हलला नाही. इंजिन सुटलं. दोष चाकात किंवा चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात होता, आणि अलाइनमेंटचा त्याच्याशी संबंध नव्हता. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते. कोन चुकला तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर तिरपे झिजतात. चाक फिरताना धक्के देत असेल, तर बघायचं असतं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं वाटलेलं आहे का ते.

हे धक्के येतात कुठून, ते समजून घेण्यासारखं आहे. समजा रिमच्या कडेला एका जागी ३० ग्रॅम वजन जास्त आहे. पाच रुपयांची सोनेरी पाच नाणी एकत्र बांधली तर साधारण इतकं वजन भरतं. चाक फिरायला लागलं की ते वजन बाहेरच्या दिशेने ओढ देतं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. ताशी ५० ला या ३० ग्रॅमची ओढ किलोभराहून थोडी जास्त भरते, १०० ला साडेचार किलोच्या आसपास. कुणीतरी साडेचार किलोच्या जोराने चाकाला सेकंदाला चौदा वेळा पुढे-मागे ढकलतंय, असं समजा. वर-खाली बसणारा धक्का स्प्रिंग पचवते. पुढे-मागे बसणारा मात्र चाकाला त्याच्या वळण्याच्या आसाभोवती हिसके देतो. ते हिसके टाय रॉडमधून, म्हणजे चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांडीतून, स्टिअरिंगच्या रॅकमध्ये आणि तिथून थेट आपल्या हातात येतात. म्हणून पुढच्या चाकाचा दोष स्टिअरिंगवर कळतो, मागच्या चाकाचा सीटखाली आणि पायाखाली.

पण मग एकशे पाचच्या पुढे थरथर कमी का झाली? ओढ तर वाढतच गेली असणार.

याचं उत्तर नागपूरकराच्या खिडकीत लटकलेलं असतं. उन्हाळ्यात कूलर बंद केला की पंखा हळूहळू मंदावतो, आणि थांबायच्या आधी मधल्याच एका वेगाला अख्खा कूलर, खिडकीच्या गजांसकट, खडखडतो. दोन-तीन सेकंदांत तो वेग मागे पडतो आणि आवाज विरतो. खाऱ्या पाण्याच्या क्षारांनी एखादं पातं जड झालेलं असलं की हे हमखास होतं. जड पातं पूर्ण वेगाला जास्त जोराने ओढतं, तरी खडखड होते ती मधल्याच वेगाला, कारण तिथे पंख्याचा ताल लोखंडी पेटीच्या स्वतःच्या तालाशी जुळतो. गाडीचं चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि सस्पेन्शन मिळून स्प्रिंगवर जी जोडणी होते, तिचाही असा स्वतःचा ताल असतो, सेकंदाला साधारण दहा ते पंधरा. ऐंशी ते एकशे पाच या वेगात चाकाचे फेरे नेमके या पट्ट्यात येतात.

आता तो साडेपाचचा लहान उंचवटा. तो गाडीचा नव्हताच. सिमेंटच्या रस्त्यात साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. सेकंदाला २५ मीटर जाणारी गाडी तसे साडेपाच सांधे ओलांडते. डांबरी रस्त्यावर उतरलं की हा ताल नाहीसा होतो. नागपूर शहरातही सिमेंट रस्ते भरपूर झाल्याने गाडी निर्दोष असून लोक मेकॅनिककडे जातात, तेव्हा आधी रस्ता बदलून पाहावा.

परत आल्यावर चाकं काढली. उजव्या पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला, सहज नजर जाणार नाही अशा जागी, काळ्या मातीचा वाळलेला थर होता. भाऊ पाऊस पडून गेल्यावर काटोलकडे संत्र्याच्या बगिच्यात जाऊन आला होता. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. चाक फिरत असतं तोवर चिखल सगळीकडे सारखा पसरतो, पण गाडी रात्रभर उभी राहिली की ओला चिखल ओघळून खालच्या बाजूला जमतो आणि तिथेच सुकतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून ती ढेकळं घरच्या वजनकाट्यावर ठेवली. ७० ग्रॅम भरली. चाकं आतून धुतल्याशिवाय बॅलन्सिंग करूच नये, असं मी तळमळीने सांगतो. मातीसकट बॅलन्सिंग केलं आणि चार दिवसांनी माती गळून पडली, तर माती तोलायला लावलेली शिशाची वजनंच नवा दोष होऊन बसतात.

बॅलन्सिंग झालं, यंत्राने चारही चाकांना शून्य दाखवलं. थरथर निम्म्याहून कमी झाली, पण गेली नाही. इथेच बहुतेक लोक वैतागून सस्पेन्शन उघडायला लावतात. खरं तर बॅलन्सिंगचं यंत्र चाक हवेत फिरवतं. रस्त्यावर त्याच चाकावर अडीच-तीनशे किलो भार असतो. टायरच्या आतले पोलादी तारांचे पट्टे एका जागी सुटले असतील, तर वजन सगळीकडे सारखं असूनही ती जागा भाराखाली वेगळी दबते. तोल बरोबर, गोलाई चुकीची. टायरवाल्या काकांनी गाडी जॅकवर चढवून चाक हाताने सावकाश फिरवलं, टायरजवळ एक खडू स्थिर धरला आणि म्हणाले, "टायर गोलच नाही राहिला भाऊ." एका जागी वीतभर लांबीच्या भागात खडूची रेघ उमटली, बाकी टायर कोरा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे होते ३२१६, म्हणजे २०१६च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली शिल्लक होती, म्हणून विकणाऱ्याने "टायर नव्यासारखे" म्हटलं होतं. पण रबर चालण्याने झिजतं तसं नुसत्या उन्हाने, ऑक्सिजनने आणि ओझोननेही जुनं होतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं तर जास्तच. अशा टायरवर कुणी घरची माणसं बसवून महामार्गाला जाऊ नये. पट्टा सुटत चाललेला टायर तापला की फुटतो. फुगा दिसला किंवा थरथर दिवसागणिक वाढत असेल, तर त्या टायरने पुढचा प्रवास थांबवा. आणि टायरचं काम करून निघाल्याबरोबर हादरे सुरू झाले, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन आधी चाकाचे नट तपासा.

थरथर कधी होते, यावरूनही बरंच कळतं. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर चाकाला दोष न देता ब्रेकच्या डिस्ककडे जायचं. तिची जाडी फिरताना केसाच्या पावपट इतकी जरी कमी-जास्त झाली तरी पायाला आणि हाताला जाणवते. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पॅडच्या जागी गंजाचा ठसा उमटून असं होतं. फक्त ॲक्सिलरेटर दाबताना हलते आणि पाय काढला की थांबते, तर दोष ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटमध्ये. मधूनच येते, मधूनच जाते, तर पुढच्या दोन्ही चाकांत थोडाथोडा दोष असावा. दोघांचे धक्के कधी एकमेकांना खोडतात, कधी जोर देतात. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश ढिले असतील तर ते बदलायलाच हवेत, पण बहुतेक वेळा ते थरथर निर्माण करत नाहीत, चाकाची थरथर वाढवून हातापर्यंत आणतात. आणि काहीच ठरत नसेल तर पुढची चाकं त्याच बाजूला मागे आणि मागची पुढे लावून बघा. थरथर स्टिअरिंगवरून सीटखाली गेली की दोष सापडला.

भावाने पुढचे दोन्ही टायर बदलले. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा शिवमडक्याहून चढलो, नव्वदला फोन पुन्हा डॅशबोर्डवर दाबून धरला. तेराच्या जागी आलेख सपाट होता. साडेपाचवरचा, रस्त्याच्या सांध्यांचा उंचवटा तेवढा होता तिथेच.