डावी कूस, उजवी कूस, उताणे आणि पालथे : झोपण्याच्या रीतींची पार्श्वभूमी

जेवून डाव्या कुशीवर लवंडावे, उत्तरेकडे डोके करू नये, गरोदर बाईने उताणे झोपू नये, पाठ धरली असेल तर भुईवर झोपावे, अशा सूचना कोकणातल्या घरांत एका दमात सांगितल्या जातात आणि ऐकणाऱ्याला त्या एकाच परंपरेतल्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांतल्या काही दीड हजार वर्षांहून जुन्या आहेत, तर काहींना वैद्यकात अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्या कुठून आल्या आणि कोणासाठी सांगितल्या गेल्या हे पाहिल्याशिवाय कोणती कोणी पाळावी हे ठरवता येत नाही.

सर्वांत जुना धागा वामकुक्षीचा. जेवल्यावर जडपणा जाईपर्यंत स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे आणि त्यानंतर डाव्या कुशीवर पडावे, असा क्रम आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत दिलेला आहे. शतपावली आणि वामकुक्षी ही जोडी आपल्याकडे आली ती तिथूनच. मात्र याच परंपरेतील ग्रंथ दिवसा गाढ झोप घेण्याला सहसा परवानगी देत नाहीत; ती मुभा मुख्यतः ग्रीष्मात, तसेच लहान मुले, वृद्ध, आजारी आणि श्रमाने थकलेली माणसे यांना दिलेली आहे. कोकणात वैशाखातील दमट उकाडा असा असतो की ग्रीष्माची सवलत सर्वांनाच पटावी. रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी येथील बाजारपेठांत दुपारी दुकानांच्या फळ्या लागतात, त्यामागे ही हवाही आहे. पण भात-आमटी किंवा भात-माशाचे भरपेट जेवण करून बारा महिने दोन-दोन तास झोपणे हे वामकुक्षीच्या नावाखाली चालत असले, तरी ग्रंथांत सांगितलेली वामकुक्षी ती नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

डावीच कूस का, याचे उत्तर जठराच्या ठेवणीत सापडते. जठराचा फुगीर भाग पोटात डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला वरच्या बाजूने, उजवीकडून येऊन मिळते. डाव्या कुशीवर झोपल्यास आम्ल त्या जोडाच्या खाली राहते. उजव्या कुशीवर तोच जोड खाली येतो आणि आम्ल अन्ननलिकेत शिरणे सोपे होते. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2022 मध्ये जळजळीचा त्रास असलेल्या रुग्णांच्या झोपेची स्थिती आणि अन्ननलिकेतील आम्ल रात्रभर एकाच वेळी मोजले, तेव्हा डाव्या कुशीवर असताना अन्ननलिकेत आलेले आम्ल उजव्या कुशीपेक्षा किंवा उताण्यापेक्षा लवकर निघून जाते असे दिसले. छातीत जळजळणाऱ्या माणसाला म्हणूनच हा सल्ला आज डॉक्टरही देतात.

उजव्या कुशीची परंपराही या किनाऱ्यावर तितकीच रुजलेली आहे. राजपुरीच्या खाडीजवळील कुडा लेणी, महाडजवळील गांधारपाले आणि कान्हेरी येथील विहारांत भिक्षूंच्या खोल्या आहेत, आणि त्या खोल्यांत भिंतीला लागून कोरलेले, एका माणसाला जेमतेम पुरतील असे दगडी ओटे आहेत. भिक्षूने निजावे ते सिंहशय्येत, म्हणजे उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून आणि जागे होण्याच्या वेळेचे भान राखून, अशी बौद्ध ग्रंथांची शिकवण आहे. पुढे श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांतील कोकणी मुसलमान समाजात पैगंबरांची रीत म्हणून उजवी कूस आली, आणि पालथे झोपणे अयोग्य ही समजूतही तिच्यासोबत आली. या दोन्ही ठिकाणी मुद्दा पचनाचा नसून शिस्तीचा आणि श्रद्धेचा आहे, त्यामुळे डावी खरी की उजवी हा वाद मुळातच चुकीच्या पायावर उभा राहतो. हृदय कमकुवत झालेल्या अनेक रुग्णांना डाव्या कुशीवर धाप लागते आणि उजवीवर बरे वाटते, ही डॉक्टरांची नोंद मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे.

डोके उत्तरेकडे न करण्याची चाल मृतदेह ठेवण्याच्या विधीशी जोडलेली आहे. अलीकडे तिला पृथ्वीच्या चुंबकत्वाचे कारण चिकटवले जाते आणि रक्तातील लोह उत्तरेकडे ओढले जाते असे सांगितले जाते. हिमोग्लोबिनमधील लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे हे कारण टिकत नाही. चाल पाळायची असेल तर श्रद्धा म्हणून पाळावी. तिला शरीरशास्त्राचा आधार दाखवू नये.

अंथरुणाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. सारवलेल्या जमिनीवर चटई, तिच्यावर वाकळ किंवा घोंगडी आणि उशाला सावरीच्या कापसाची मऊ उशी, ही पूर्वीच्या कोकणी घरातील साधी व्यवस्था होती. पाठदुखीला कडक बिछाना बरा, ही समजूत पाश्चात्त्य डॉक्टरांतही दीर्घकाळ होती. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर झालेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झाला. भुईवर झोपून ज्याची कंबर सुखी आहे त्याने सवय मोडण्याचे कारण नाही, पण दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हट्टाने चटईवर निजवू नये.

माणूस रात्रभर एका कुशीवर राहतो ही समजूतही मोजमाप सुरू झाल्यावर मागे पडली. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील संशोधकांनी झोपलेल्यांची छायाचित्रे घेऊन 1930 मध्ये दाखवले की निरोगी माणूस रात्रीत कितीतरी वेळा स्थिती बदलतो. डेन्मार्कमधील 664 जणांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत अंथरुणातील निम्म्याहून अधिक वेळ कुशीवर, त्यानंतर उताणे आणि अगदी थोडा वेळ पालथे असा हिशेब निघाला. घोरणाऱ्यांनी यातले उताणे टाळावे, कारण त्या स्थितीत जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे येऊन श्वासमार्ग अरुंद होतो.

गरोदरपणाविषयीचा सल्ला आधुनिक वैद्यकात हळूहळू पक्का होत गेला. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि रक्तदाब उतरू शकतो, असे वर्णन 1953 मध्ये झाले. ही शीर मणक्याच्या उजव्या अंगाला असल्याने डावी कूस सुचवली गेली. न्यूझीलंडमधील 2011 च्या आणि ब्रिटनमधील 2017 च्या अभ्यासांत उताणे झोपून रात्र सुरू करण्याचा संबंध मृतजन्माच्या वाढलेल्या धोक्याशी दिसला. नंतरच्या एकत्रित विश्लेषणात डाव्या आणि उजव्या कुशीत फरक आढळला नाही. म्हणून 28 आठवड्यांनंतर कोणत्याही कुशीवर झोपावे, आणि मध्येच जाग आल्यावर आपण उताण्या आहोत असे दिसले तर न घाबरता कूस बदलून पुन्हा झोपावे. ‘डावीकडेच’ या धाकापायी रात्र रात्र जागणाऱ्या पोरीबाळींना घरातल्या मोठ्यांनी हे आवर्जून सांगायला हवे.

बाळांच्या बाबतीत वैद्यकाने आपलाच सल्ला उलटवला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य देशांत बाळांना पालथे निजवण्याचा सल्ला दिला गेला, कारण उताण्या बाळाला उलटी गुदमरवील अशी भीती होती. वास्तविक उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध सहजी तिच्यात शिरत नाही. पालथ्या बाळांत झोपेतील अचानक मृत्यू जास्त होतात हे उघड झाल्यावर नेदरलँड्समध्ये 1987, ब्रिटनमध्ये 1991 आणि अमेरिकेत 1994 पासून बाळाला पाठीवर निजवण्याच्या मोहिमा निघाल्या आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. कोकणात न्हाऊमाखू घालून दुपट्यात गुंडाळलेले बाळ पाळण्यात उताणेच निजवले जात असे, हे त्या दृष्टीने योग्यच होते. डोके गोल यावे म्हणून उशाला दिली जाणारी मोहरीची उशी मात्र आजच्या सल्ल्यात बसत नाही; बाळाच्या अंथरुणात उशी नसावी, आणि डोके चपटे होऊ नये म्हणून जागेपणी, कोणी समोर बसलेले असताना, त्याला थोडा वेळ पालथे खेळू द्यावे.

घरोघरी अयोग्य ठरलेली पालथी स्थिती रुग्णालयात मात्र उपचार म्हणून आली. पालथे केल्यावर फुप्फुसांचा पाठीकडचा दबलेला भाग मोकळा होऊन प्राणवायू अधिक मिळतो, हे 1970 च्या दशकापासून माहीत होते. फ्रान्समधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हेंटिलेटरवरील गंभीर रुग्णांपैकी पालथे ठेवलेल्यांतील 28 दिवसांचा मृत्युदर सुमारे 16 टक्के, तर उताण्यांतील सुमारे 33 टक्के होता. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट भरात असताना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या रुग्णांसाठीही सूचना काढल्या. जिल्ह्याचे रुग्णालय घाटवळणांपलीकडे असलेल्या वाड्यावस्त्यांवर त्यांचे मोल मोठे होते. रक्तातील ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली गेल्यास एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत आणि दोन नडग्यांखाली घेऊन पालथे पडावे, मग अधूनमधून कुशी बदलाव्यात, असे त्यांत सांगितले होते. जेवणानंतर तासभर हे करू नये, आणि गरोदर स्त्रिया, गंभीर हृदयविकाराचे रुग्ण व मणक्याला इजा झालेले यांनी ते टाळावे, हेही त्याच सूचनांत लिहिलेले होते.