पहिले सतरा महिने: सुरुवातीच्या निकालांनी राज्यघटनेला दिलेले वळण

राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली आणि दोनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाचे काम सुरू झाले. स्वतंत्र इमारत १९५८ मध्ये मिळेपर्यंत ते संसद भवनात, पूर्वी संस्थानिकांचे नरेंद्रमंडळ जेथे भरत असे त्या दालनात, चालत होते. घटनेतील शब्दांचा व्यवहारातला अर्थ काय, हे बऱ्याच अंशी याच दालनात ठरू लागले.

पहिली मोठी कसोटी ए. के. गोपालन यांच्या खटल्याने लागली. हे कम्युनिस्ट नेते डिसेंबर १९४७ पासून या ना त्या आदेशाखाली मद्रास प्रांतात अटकेत होते. खटला न चालवता अटकेत ठेवू देणाऱ्या १९५० च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली नवा आदेश निघताच त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. प्रश्न जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणाऱ्या अनुच्छेद २१ मधील ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ या शब्दांचा होता. विधिमंडळाने रीतसर केलेला कायदा एवढाच त्यांचा अर्थ, की तो कायदा न्याय्यही असला पाहिजे? घटना समितीने अमेरिकी ‘ड्यू प्रोसेस’ (न्याय्य प्रक्रियेची हमी) हा शब्दप्रयोग जाणीवपूर्वक टाळला होता, याकडे बोट दाखवून बहुमताने १९ मे १९५० रोजी पहिला, अरुंद अर्थ स्वीकारला आणि अनुच्छेद १९ (अभिव्यक्ती आदी स्वातंत्र्ये), २१ व २२ (अटकेबाबतचे संरक्षण) यांचे जणू स्वतंत्र कप्पे केले. न्यायमूर्ती फझल अली यांनी मात्र हे अधिकार एकमेकांत गुंतलेले आहेत, असे भिन्नमत नोंदवले. मात्र स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढे उघड करण्यास मनाई करणारे कलम १४ न्यायालयाने रद्द केले, ही बाब या खटल्याच्या चर्चेत सहसा मागे पडते.

अवघ्या आठवड्याने, २६ मे रोजी, तेच न्यायालय वेगळ्या सुरात बोलले. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ साप्ताहिकाला मद्रास सरकारने प्रवेशबंदी केली होती. ‘राज्याची सुरक्षितता’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या एकच गोष्टी नव्हेत. दुसरीच्या नावाखाली अभिव्यक्तीवर घातलेले निर्बंध तेव्हाच्या घटनेत बसत नाहीत, असे न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी लिहिलेल्या निकालात ठरले.

यापेक्षाही दूरगामी ठरला चंपकम दोराईराजन खटला. मद्रासच्या एका शासकीय आदेशानुसार महाविद्यालयातील दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ हरिजनांना, २ ब्राह्मणांना, १ मुस्लिमांना आणि १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना मिळत असे. ९ एप्रिल १९५१ रोजी सात न्यायाधीशांनी एकमताने हा आदेश अवैध ठरवला आणि मार्गदर्शक तत्त्वांना (सरकारने धोरण आखताना पाळायची, पण न्यायालयामार्फत अमलात न आणता येणारी तत्त्वे) मूलभूत अधिकारांच्या आड येता येणार नाही, असेही सांगितले. वस्तुतः याचिकाकर्त्या दोराईराजन यांनी प्रवेशासाठी अर्जच केलेला नव्हता. पण त्यामुळे त्यांची याचिका अडली नाही. याच सुमारास पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा समानतेच्या मुद्द्यावर रद्द केला होता.

सरकारने निकालांना उत्तर दिले ते घटनादुरुस्तीने. सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची असताना, हंगामी संसदेने मंजूर केलेली पहिली घटनादुरुस्ती १८ जून १९५१ रोजी अमलात आली. मागासवर्गांसाठी विशेष तरतुदींची मुभा देणारा अनुच्छेद १५(४) चंपकम निकालाला, अनुच्छेद १९(२) मधील ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द ‘क्रॉसरोड्स’ निकालाला, तर त्यातील कायद्यांना मूलभूत अधिकारांच्या आधारे आव्हान देता येऊ नये म्हणून १३ कायद्यांसह आलेले नववे परिशिष्ट जमीनविषयक निकालांना उत्तर म्हणून आले. तोवर घटनेला सतरा महिनेही झाले नव्हते, आणि न्यायालयाने अडवले की संसदेने मजकूर बदलायचा, हा पायंडा पडला. ५ ऑक्टोबर १९५१ रोजी शंकरीप्रसाद खटल्यात न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. तो निकालही पतंजली शास्त्री यांनीच लिहिला. मूलभूत अधिकारांनाही हात लावण्याचा संसदेचा हा अधिकार पुढे १९६७ च्या गोलकनाथ निकालाने नाकारला, तर १९७३ च्या केशवानंद निकालाने मूलभूत चौकटीची (घटनेचा गाभा बदलता येणार नाही, ही) मर्यादा घालून मान्य केला.

गोपालन निकालातील कप्पे १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्यात मोडले. कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे, हे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात मान्य झाले, तेव्हा फझल अली यांच्या निधनाला अठरा वर्षे उलटून गेली होती.