व्हिंटेज म्हणजे नुसती जुनी नव्हे

जुनी गाडी दिसली की आपण सरसकट तिला ‘व्हिंटेज’ म्हणतो. मग ती १९२५ची असो नाहीतर १९६५ची. खरं तर या शब्दाला शेवटची तारीख आहे: ३१ डिसेंबर १९३०. त्यानंतर बनलेली गाडी कितीही देखणी, कितीही दुर्मीळ असली तरी जाणकार तिला व्हिंटेज म्हणत नाहीत. ही रेघ १९३०वरच का ओढली गेली, हे समजून घ्यायचं तर गाड्या बांधल्या कशा जायच्या, तिथपासून सुरुवात करावी लागते.

शब्द मूळचा द्राक्षमळ्यातला, विशिष्ट वर्षीच्या तोडणीसाठी वापरला जाणारा. गाड्यांच्या बाबतीत तो रुजला ब्रिटनमध्ये. तिथे १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला, तेव्हा त्या मंडळींच्या आवडत्या गाड्या जेमतेम पाच-दहा वर्षांच्या होत्या. म्हणजे मुद्दा वयाचा नव्हताच. आपल्या डोळ्यांदेखत गाडी बनवण्याची एक रीत संपत चालली आहे, असं त्यांना वाटत होतं. आणि ते खरंच होतं.

त्या रीतीत महागड्या गाड्यांचे कारखाने सहसा पूर्ण गाडी विकतच नसत. रोल्स-रॉइस किंवा बेंटलीकडून गिऱ्हाइकाला मिळे ती फक्त चासी: पोलादी सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर. ती न्यायची कोचबिल्डरकडे, म्हणजे वरची बॉडी बांधणाऱ्याकडे. यांतले बरेच जण आधी घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे, त्यामुळे हत्यारंही तीच आणि हातही तेच. अ‍ॅश या झाडाच्या लाकडाची चौकट उभी करायची, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून बसवायचा, रंगाचे आणि व्हार्निशचे थर चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. नुसत्या रंगालाच आठवडे लागत. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर रेडिएटरपर्यंत सारख्या आणि त्यामागे पार निराळ्या.

हे जग एका फटक्यात कोसळलं नाही. १९१३मध्ये फोर्डने हायलँड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन सुरू केली आणि मॉडेल टीची चासी जोडायला लागणारे साडेबारा तास वर्षभरात दीड तासावर आले. लाकडी चौकटीची जागा दाबयंत्रातून काढलेल्या पोलादी पत्र्याने घेतली. १९२३मध्ये ड्युको हा झटपट वाळणारा रंग गाड्यांवर आला. पण माझ्या मते खरा घाव वेगळाच. लान्सिया या इटालियन कंपनीने १९२२च्या लॅम्ब्डा गाडीत बॉडीलाच भार पेलायला लावलं. १९३४मध्ये सिट्रोएनच्या ट्रॅक्सिओं अव्हां या गाडीने तीच कल्पना मोठ्या संख्येच्या उत्पादनात आणली. वेगळी चासीच उरली नाही, तर कोचबिल्डरने बॉडी चढवायची कशावर?

त्यात १९२९ची मंदी आली. बेंटलीने फ्रान्समधली ल मॉन्सची २४ तासांची शर्यत १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं जिंकली आणि १९३१मध्ये कंपनी आर्थिक गर्तेत जाऊन रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. बुगाट्टीने राजेरजवाड्यांसाठी काढलेली, १२.७ लिटर इंजिनाची रॉयाल सहाच बनली, आणि त्यांतल्याही तीनच तेव्हा गिऱ्हाइकांनी घेतल्या.

त्या काळाचं कौतुक करताना त्याचे त्रास झाकू नयेत. १९२०च्या सुमारास बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. इंजिन सुरू करायला हाताने फिरवायचं हँडल उलटं फिरून मनगट मोडणं ही नेहमीची गोष्ट होती. १९१२च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि तो धोका हळूहळू सरला.

‘क्लासिक’ या शब्दावर मात्र एकमत नाही. १९५२मध्ये स्थापन झालेला क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका १९१५ ते १९४८मधल्या निवडक उंची गाड्यांनाच तो मान देतो. इतरत्र सत्तरच्या दशकातली साधी घरगुती गाडीही क्लासिक ठरते, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. १९६६पासून काम करणारी फिवा ही जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना या वादात न पडता ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणते: किमान ३० वर्षं जुनं, मूळ रूपाला धरून जतन केलेलं आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरलं जाणारं.

मूळ रूप, इथेच खरी पंचाईत आहे. चासी आणि बॉडी वेगळ्या असल्यामुळे बॉडी बदलणं सोपं होतं. १९२०च्या दशकातल्या कित्येक बंद बेंटली गाड्यांची बॉडी पुढच्या मालकांनी उतरवली आणि ल मॉन्सच्या शर्यतीतल्या गाडीसारखी उघडी बॉडी चढवली. ते कारागिरांचं लाकूडकाम कायमचं गेलं, याची हळहळ वाटते. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात, जे १९५०पासून भरतं, दीर्घकाळ आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्यांचाच बोलबाला होता. आता हात न लावलेल्या गाड्यांसाठी तिथे वेगळा वर्ग आहे. त्यांचं व्हार्निश तडकलेलं असतं, सीटचं कातडं फाटलेलं असतं. पण पत्रा कुठे ठोकला, लाकडाचा सांधा कसा घेतला, रंगाचा पहिला हात कोणता होता, हे अशाच गाडीवर अजून वाचता येतं.