पानातली एकेकटी पेशी पाहण्याची चिप: पेशी सोडण्याआधी हे वाचा

पान वाटून काढलेल्या अर्कात हजारो पेशींची सरासरी हाती येते. शेजारच्या दोन पेशी एकाच मिठाला वेगवेगळ्या का वागल्या, हे पाहायचे तर पेशी सुटी हवी. या चिपमधल्या ८० मायक्रोमीटर उंचीच्या वाहिनीत प्रत्येक खाचेत एक पेशी अडकते आणि बाजूने द्रव वाहत राहतो.

प्रयोग फसतो तो बहुधा पेशी फुटल्यामुळे, म्हणून खरी मेहनत तयारीत घ्या. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीची ३ ते ४ आठवड्यांची, फुलोरा न आलेली रोपे निवडा. नव्या ब्लेडने अर्धा ते एक मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. बोथट ब्लेडने पान चिरडते. मग पट्ट्या पेशीभित्तिका विरघळवणाऱ्या विकरांच्या द्रावणात ठेवा: १ ते १.५ टक्के सेल्युलेज, ०.२ ते ०.४ टक्के मॅसरोझाइम, ०.४ मोलर मॅनिटॉल (पेशी फुगू न देणारे शर्करा-अल्कोहोल), पीएच ५.७, अंधारात साधारण ३ तास. ७० मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून गाळा, सेंट्रिफ्यूजमध्ये १०० जीवर (गुरुत्वाच्या १०० पट) २ मिनिटे फिरवा, डब्ल्यू-५ या क्षारांच्या द्रावणात धुऊन अर्धा तास बर्फात ठेवा.

आता सर्वांत नाजूक टप्पा. पेशीभित्तिका गेलेली असते, त्यामुळे द्रव जरा सौम्य झाला की पेशी पाणी ओढून फुगते. व्यास ४० वरून ४५ मायक्रोमीटर झाला, तरी आकारमान सुमारे ४२ टक्क्यांनी वाढते. म्हणून ०.५ मोलर मॅनिटॉल, २० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ४ मिलिमोलर एमईएस (पीएच स्थिर ठेवणारे रसायन) असा एकच बफर पेशींना आणि चिपला, दोन्हीकडे वापरा.

चिप आधी ७० टक्के इथेनॉलने भिजवा, बुडबुडे निघतात. मग भरपूर बफर सोडा. उरलेले इथेनॉल पेशी मारू शकते. त्यानंतर १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन) अर्धा तास, म्हणजे पेशी भिंतींना चिकटत नाहीत.

पेशी सिरिंजमधून ढकलू नका, त्या तळाशी बसतात. टोक कापलेल्या पिपेट टिपने त्या आत जाणाऱ्या भोकावर ठेवा आणि पंपाने दुसऱ्या टोकाकडून मिनिटाला १ ते २ मायक्रोलिटर वेगाने ओढा. खाचा रिकाम्या राहिल्या तरी वेग वाढवू नका, खाचेत दबून पेशी फाटते.

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकात सुट्या हरितलवकांचे लाल चमकणारे ठिपके दिसू लागले, तर पेशी फुटत आहेत. काही तासांत पेशी आक्रसू लागल्या, तर चिप ज्याची बनते त्या पीडीएमएस या सिलिकॉन रबरातून पाण्याची वाफ जाऊन बफर दाट झाला आहे. ओला फिल्टर पेपर ठेवलेल्या बंद डब्यात चिप ठेवा. काम संपताच पाण्याने धुवा. वाळलेला गाळ नंतर निघत नाही.