नगरपरिषदेच्या खर्चाची माहिती मागताय? आरटीआय अर्ज कुठे अडकतो ते आधी बघा

डिसेंबर 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीत ज्याच्या त्याच्या पत्रकावर "इतक्या कोटींची विकासकामे" छापलेलं होतं. त्याआधी बहुतेक गावांत तीन-चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, सभा त्याची आणि ठरावही त्याचाच. आता नवीन निवडून आलेले म्हणतात तो खर्च आमच्या काळातला नाही, जुने म्हणतात आम्ही तर खुर्चीवरच नव्हतो, आणि चौकात नुसती भांडणं. कागद मागवा ना. माहिती अधिकार कायदा 2005, म्हणजेच आरटीआय, त्यासाठीच आहे, पण लोक अर्ज असा लिहितात की नाकारायला कारण आयतंच मिळतं.

पात्रता एका ओळीची आहे, भारताचा नागरिक असलं की झालं. कारण सांगायची गरज नाही, कलम 6(2) मध्ये स्पष्ट आहे, त्यामुळे टेबलावर कुणी "कशाला हवीय माहिती" विचारलं तर हसून गप्प बसा. घोळ होतो तो मंडळाच्या लेटरहेडवर. "अध्यक्ष, अमुक तरुण मंडळ" म्हणून सही केली की अर्ज परत, कारण हक्क नागरिकाला आहे, मंडळाला नाही. स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावर अर्ज करा. आणि नागरिकत्वावरून कुणी अडवायलाच बसलं तर वाद घालत बसू नका, मतदार कार्डाची झेरॉक्स जोडा आणि विषय संपवा.

फॉर्म म्हणजे जोडपत्र 'अ', झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, रेव्हेन्यू स्टॅम्प नाही, ही चूक अजूनही होते. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, पण नुसतं "होय" लिहून भागत नाही, दाखल्याची प्रत जोडावी लागते.

आता खरी गोम. महाराष्ट्रात 2012 पासून नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. लोक काय करतात, रस्ता, गटार, पाण्याची टाकी, घंटागाडीचा ठेका सगळं एकाच अर्जात कोंबतात, त्यात दोन पानं राग. मग उत्तर येतं "एकापेक्षा जास्त विषय, नियमानुसार माहिती देता येत नाही". दहा रुपये वाचवायला महिना घालवला! चार विषय असतील तर चार अर्ज करा.

दुसरं म्हणजे "का" विचारू नका. "रस्ता सहा महिन्यांत का उखडला, जबाबदार कोण" याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी, म्हणजे ऑफिसात या अर्जांना उत्तर द्यायला नेमलेला माणूस, बांधील नाही, त्याने फक्त दप्तरात असलेला कागद द्यायचा असतो. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा. समजा असं लिहिलं: "प्रभाग 4, मारुती मंदिर ते बाजारतळ सिमेंट रस्ता, कालावधी 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2025. प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अंतिम देयक, दोषदायित्व कालावधी दाखवणारा करारनाम्यातील भाग, यांच्या प्रती." झालं, एवढंच. यातली मोजमाप पुस्तिका, म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात, ती सोडू नका. त्यात लांबी, रुंदी, जाडी आकड्यात असते, टेप घेऊन रस्त्यावर जाऊन ताडता येते. आणि दोषदायित्वाची मुदत चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने करायची असते, गावाच्या पैशातून परत टेंडर नाही. "गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची संपूर्ण माहिती" असलं काही लिहाल तर हजार पानांचे पैसे भरा असं पत्र येईल, पान दोन रुपयाने मोजून बघा.

असं पत्र आलंच तर घाबरून सोडून देऊ नका. कायद्यात अवलोकनाचाही हक्क आहे, ऑफिसात बसून फाईल बघायची, पहिला तास फुकट, हवी ती पानं टिपून तेवढ्याच प्रती मागायच्या. कामात वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो, हे तर फारच थोड्यांना माहीत असतं.

अर्ज देताना पोच घ्या, म्हणजे घ्याच. आवक-जावकचा क्लार्क "साहेब नाहीत, उद्या या" म्हणाला तर सरळ पोस्टात जा. रजिस्टर एडी सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय, पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. रस्ता नगरपरिषदेचा की बांधकाम खात्याचा, पाणी योजना जीवन प्राधिकरणाने केली का, हे आधी विचारून घ्या. चुकलात तरी अर्ज योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवणं त्यांचं काम आहे, "आमच्याकडे नाही" म्हणून परत करणं नव्हे.

मुदतीत सगळ्यात जास्त लोक मरतात. उत्तराला 30 दिवस, अर्ज तिथे पोचल्यापासून. मध्ये त्यांनी प्रतींचे पैसे भरायला कळवलं तर तुम्ही भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणजे पत्र आलं की लगेच भरा. आणि 30 दिवसांत काहीच आलं नाही तर ते नाकारल्यासारखंच, तिथून पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. लोक "देतील, ओळखीचे आहेत" म्हणत तीन महिने वाट बघतात, मग अपील मुदतबाह्य. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर घेऊ शकतात, पण ते त्यांच्या मर्जीवर. हां, मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, तेव्हाही पैसे मागितले तर कलम 7(6) दाखवा.

पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प, निकाल 30 ते जास्तीत जास्त 45 दिवसांत. सुनावणीला जा, अर्ध्या लोकांची माहिती तिथेच टेबलावर निघते.

तरी नाहीच मिळाली तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, जोडपत्र 'क', परत वीसचा स्टॅम्प, सोबत अर्ज, पोच, आलेलं उत्तर, पहिल्या अपिलाचा आदेश यांच्या प्रती. इथे रागाच्या भरात अपिलाऐवजी कलम 18 ची तक्रार करू नका, तक्रारीत अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000, पण त्यातून कागद तुमच्या हातात येत नाही. आयोगाकडे नंबर लागायला वेळ लागतो, तोवर हातावर हात ठेवून बसू नका, तोच रस्ता दुसऱ्या कागदाच्या नावाने, नवीन दहा रुपयांच्या स्टॅम्पवर परत मागा.