सिनेमाची २४ चित्रं आणि टीव्हीचे ६० हर्ट्झ

नवा टीव्ही घेताना आपण रंग बघतो, इंच मोजतो. सिनेमा न अडखळता दिसेल का, हे ठरवणारा आकडा मात्र बोलपटांच्या जन्माइतका जुना आहे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, वेग थोडा कमीजास्त झाला तरी खपून जाई. आवाज आला आणि ही सवलत संपली, कारण फिल्मचा वेग डगमगला की आवाजही डगमगणार. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ चित्रं हे प्रमाण ठरलं. बहुतेक सिनेमे आजही तसेच बनतात.

टीव्हीचा वेग, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते (हेच हर्ट्झ), विजेवरून ठरला: अमेरिकेत ६० हर्ट्झ, युरोपात आणि आपल्याकडे ५०. पन्नासवाल्या देशांनी सोपी वाट काढली आणि सिनेमा सेकंदाला २५ चित्रांनी पळवला. दोन तासांचा चित्रपट जवळपास पाच मिनिटं आधी संपे, गाण्याची पट्टी जराशी चढे, पण हालचाल सलग राही.

अमेरिकेत २४ चा ६० शी मेळ बसेना. तिथे एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवायची युक्ती निघाली. म्हणजे एक चित्र ५० मिलिसेकंद थांबतं, पुढचं ३३. कॅमेरा एखाद्या वाड्याच्या खांबांवरून सावकाश सरकू लागला की ते खांब ठेचकाळत पुढे जातात. स्ट्रीमिंगची बरीच उपकरणं ६० हर्ट्झनेच चित्र पाठवतात, त्यामुळे ही अडखळ आता आपल्याही घरात आहे.

१२० हर्ट्झचे पॅनल, म्हणजे टीव्हीचे पडदे, आले तेव्हा गणित सुटलं: १२० म्हणजे २४ ची पाचपट. पण त्याच सुमारास कंपन्यांनी दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतः रचून घालायला सुरुवात केली आणि सिनेमा टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागला. माझ्या मते हे सिनेमाचं सरळसरळ नुकसान आहे. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी व्हिडिओ काढून ही सोय बंद करा, असं प्रेक्षकांना सांगितलं. २०१९ मध्ये टीव्हीच्या सेटिंगमधला ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. त्यात ती आपोआप बंद होते.

दुकानात ‘मोशन रेट २४०’ अशा जाहिरातीतल्या आकड्यांना भुलू नका; पॅनल मुळात किती हर्ट्झचं आहे, ते विचारा. घरी आणल्यावर स्ट्रीमिंगच्या उपकरणाच्या सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ (सिनेमाच्या मूळ वेगानेच चित्र पाठवण्याची सोय) असेल तर ते सुरू करा.