उंदराचा पंजा, माणसाचा पाय

मधुमेह अंगात मुरला की पायाच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. काहींना तर उलटंच होतं. चपलेतला खडा दिवसभर टोचत राहतो, जखम होते, तरी कळत नाही. जवळपास निम्म्या मधुमेहींना कधी ना कधी मज्जातंतूंचा हा विकार गाठतो. सुरुवात बहुधा पावलांपासूनच होते, कारण सर्वांत लांब तंतू तिथे जातात. पेशी कमरेच्या मणक्यापाशी आणि तिचा तंतू थेट अंगठ्यापर्यंत, सुमारे एक मीटर!

या तंतूत नेमकं काय बिघडतं हे पाहायला रुग्णाच्या पायातली नस दर महिन्याला कापून घेता येत नाही. म्हणून उंदीर लागतो. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन ग्लुकोजसारखं दिसतं, त्यामुळे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी ते आत घेतात आणि मरतात. काही दिवसांत उंदराची साखर चढते, काही आठवड्यांत तंतूंमधून संदेश जाण्याचा वेग मंदावतो. माणसात याला वर्षं लागतात.

मग उंदराला जाळीवर ठेवून खालून पंजाला नायलॉनचा बारीक धागा टेकवतात. धागा वाकेपर्यंत दाबायचा, पंजा उचलला की नोंद करायची, नाही उचलला तर जरा जाड धागा. शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅक्स फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केसांनी केलेल्या चाचणीचंच हे रूप. डॉक्टर मधुमेहींच्या तळव्याला १० ग्रॅमचा धागा टेकवतात, तोही याच कुळातला.

पण उंदीर ‘जळजळतंय’ असं सांगत नाही. त्याचा तंतू काही सेंटीमीटरचा, आजार काही आठवड्यांचा. वाढलेल्या साखरेवर काम करणाऱ्या अल्डोज रिडक्टेज या विकराला (एन्झाइमला) रोखणारी औषधं उंदरांत छान चालली, माणसांच्या चाचण्यांत मात्र बहुतेक अपयशी ठरली. माझ्या मते यात उंदराचा दोष नाही, आपण त्याला विचारलेला प्रश्न फार मोठा होता. ‘हे औषध रुग्णाला बरं करेल का?’ याचं उत्तर त्याच्यापाशी नाही. ‘साखर वाढल्यावर आधी काय बिघडतं?’ याचं बरंचसं आहे.

याहून लहान प्रश्न काचेच्या बशीत विचारता येतो. मणक्यालगतच्या संवेदी पेशी तिथे वाढवल्या की त्यांना कोंबासारखे तंतू फुटतात, त्यांची लांबी मोजता येते. आता माणसाच्या त्वचेतल्या पेशींना आधी मूळपेशी (कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या पेशी) बनवून त्यांच्यापासूनही संवेदी पेशी तयार करतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती माणूस आणि उंदीर दोघांनाही लागू पडणारी मोजणी. माणसाच्या घोट्याच्या वर त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा घेऊन बाह्यत्वचेत शिरलेले बारीक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. उंदराच्या पंजाच्या त्वचेतही तेच तंतू तसेच मोजतात.